टेकाडावरचा शेंदूर

आमच्या वावरापर्यंत रस्ता येत नाही. तीन वावरं अलीकडेच एका धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, येऊन तो थांबतो आणि तिथून पुढं पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. संत्र्याची गाडी तिथंच उभी राहते. माझा धाकटा भाऊ कॅरेट डोक्यावर घेऊन तिथपर्यंत जातो, येतो, पुन्हा जातो. याला जबाबदार कोण, असं गावात विचारलं तर लोक माझ्याकडे बोट दाखवतात. खोटं नाही ते. जबाबदार मीच आहे, आणि उद्या तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

गाव आमचं वरूडच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. चार एकरांचं वावर, त्यात शेंदूरजनाघाटहून आणलेली संत्र्याची कलमं, आणि बरोबर मधोमध एक टेकाड. टेकाड म्हणजे फार उंच नाही. या बाजूला उभं राहिलं तर त्या बाजूच्या माणसाचं डोकं दिसतं, एवढंच. पण त्याच्याभोवती काळ्या धोंड्यांचं कडं आहे. एकेक धोंडा बसलेल्या म्हशीएवढा. कुणीतरी ते लांबून ओढत आणले, गोल मांडले, मध्ये मुरूम आणि माती भरली. हे आपोआप झालेलं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

ही जमीन मुळात ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची. माझ्या आज्यानं ती वाहायला घेतली तेव्हा गावानं हरकत घेतली नाही. त्यात दयामाया काही नव्हती. टेकाडात मढी पुरलेली आहेत असं गावात पहिल्यापासून म्हणत, आणि ज्यांच्याकडे काळी कसदार जमीन होती त्यांना मढ्याचं वावर नको होतं. आम्हाला चाललं. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, आणि भुताखेतांनाही त्याच टोपल्यात बसवलं. पुढं खूप वर्षांनी, खूप हेलपाटे घालून, जमीन नावावर झाली. शाळेत पोरी मला 'मढ्याच्या वावरातली' म्हणायच्या. एकीची वेणी मी अशी ओढली होती की तिची आई घरी भांडायला आली. माझ्या बाबांनी तिची माफी मागितली आणि ती गेल्यावर मला गूळ दिला.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. सकाळी वावर, मग शाळा, मग पुन्हा वावर. वखर हाकताना ते बैल धोंड्यांच्या कड्याबाहेरून वळवत. आत नांगराचा फाळ कधी गेला नाही. वावरात वेचलेले गोटे सगळे धुऱ्यावर टाकायचे, टेकाडावर एकही नाही, आणि टेकाडावरचा एकही उचलायचा नाही, असा त्यांचा नियम होता. मोठा पाऊस झाला की टेकाडाच्या कडेनं खापरं उघडी पडत. आतून काळी, बाहेरून तांबडी, हाताला गुळगुळीत लागणारी. मी ती फ्रॉकच्या ओच्यात गोळा करून आणायची. बाबा ती हातात घेऊन बघत, मलाही नीट बघू देत, आणि मग म्हणत, "चाल, ठेवून येऊ." आम्ही दोघं जाऊन ती होती तिथं पुरून यायचो.

पुढं एका कॉलेजातले इतिहासाचे सर हिंडत हिंडत आमच्या वावरात आले. दिवसभर टेकाडाभोवती फिरले, धोंडे मोजले, वहीत नकाशा काढला. त्यांनी सांगितलं की ही कबर आहे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची असावी. ज्या माणसांना लोखंड घडवता येत होतं आणि लिहिता येत नव्हतं अशांची. ती मेलेल्या माणसाबरोबर भांडी ठेवत, कुऱ्हाड ठेवत. त्या माणसांचा देव कोणता, जात कोणती, काही म्हणजे काही ठाऊक नाही. सरांनी सरकारकडे अर्ज केला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. सर गेल्यावर बाबा बराच वेळ धोंड्याला टेकून बसले होते. मग मला म्हणाले, "म्हंजे हे आपल्या आंधीचे मालक. आपन त्याइच्या घरी राहून राहिलो."

हे वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं. मी अमरावतीला सरकारी दवाखान्यात नर्स झाले, तिथंच नोकरी संपवली. बेवारस प्रेतं पाहिली. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्या माणसालाही वॉर्डबॉय आणि आम्ही नीट पुसून, चादर घालून पाठवत असू. कुणी पाहत नसतानाही करायचो. त्यामुळे मेलेल्याशी कसं वागावं याबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. जिवंतांबद्दलही आहेत, पण ते असो.

बाबा गेले. वावर भाऊ पाहू लागला, माय त्याच्याकडे राहिली. आणि मग गावाला वावरांकडे जाणारा पांदण रस्ता मंजूर झाला. मुरूम पाहिजे होता, आणि सगळ्यात जवळचा, सगळ्यात चांगला मुरूम आमच्या टेकाडात होता. भावाचा फोन आला.

"ताई, टेकाडाचा मुरूम देऊन राहिलो रस्त्याले. सही केली म्या."

"काहून?"

"काहून म्हंजे? मागच्या बहाराले अर्धा माल चिखलात सडला. व्यापारी आत गाडी टाकत नाही. मढ्याले रस्ता नाही लागत, मले लागते."

"सातबाऱ्यावर माझंही नाव आहे."

"हाय ना. पन तू तिथं फरशीवर राहतं. चिखल माह्या पायाले लागते." त्यानं फोन ठेवला.

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी दुसऱ्या दिवशी गाव गाठलं. संध्याकाळभर आम्ही भांडलो. मी बाबांचा नियम काढला, त्यानं सडलेली संत्री काढली. मी म्हटलं, मशीनसमोर आडवी पडेन. तो म्हणाला, पड, सावलीले छत्री आनून देतो. माय चुलीपाशी ऐकत होती. ऐंशीला टेकलेली ती बाई आमच्या भांडणात एक शब्द बोलली नाही, हेच मला तेव्हा विचित्र वाटायला पाहिजे होतं.

सकाळी पोकलँड यायची होती. मी तावातावानं वावरात पोचले, तर मशीन आधीच येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर खाली उतरून, बूट काढून, हात जोडून उभा होता. त्याच्या समोरचा मोठा धोंडा वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखला होता. ताजा, ओला, तेल ओघळत असलेला. वर दोन रुईची पानंही होती.

"बाई, आधी सांगाचं ना, देव हाय म्हनून," ड्रायव्हर मला म्हणाला. "आमच्या अकोल्याकडं एकानं असाच देव उकरला, तं त्याची मशीन तिथंच बसली. तीन दिवस चालू नाही झाली." त्यानं ठेकेदाराला फोन लावला, मशीन वळवली आणि तो गेला. टेकाडाला ओरखडा नाही.

घरी आले तर माय ओट्यावर बसून नखातला शेंदूर काडीनं काढत होती.

"माय! तू? तुझ्या सासऱ्यानं देव नदीत सोडले, आणि तू वावरात देव आणून बसवला?"

"म्या देव कुठं आनला?" माय म्हणाली. "म्या शेंदूर आनला. दुकानातून. गोड्या तेलात कालवला अन् लावला. दुकानदार म्हने, काकू, तुमाले कायले पायजे? म्हनलं, दरवाज्याले रंग देतो."

मी पोट धरून हसले. भाऊ सुद्धा, रस्ता गेला म्हणून तोंड पाडून बसला होता, तो हसायला लागला. अख्ख्या सरकारी कागदपत्रांना जे जमलं नाही ते माझ्या मायनं वाटीभर शेंदरात करून दाखवलं होतं. बाबा असते तर काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात आला होता. मी तो बाजूला सारला. माझी चूक ती. जन्मभर दवाखान्यात काढून मला एवढं कळायला पाहिजे होतं की ज्या औषधानं पहिल्याच दिवशी आराम पडतो, त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

कारण शेंदूर लागलेला दगड आमच्याकडे कुणी एकटा राहू देत नाही. दुसऱ्या दिवशी नारळ आला. तिसऱ्या दिवशी झेंडा आला. देव कोणता यावर पारावर वाद झाला. एका पार्टीचं म्हणणं मारोती, दुसरीचं म्हणणं मुंजा. करायला गेलो गणपती आणि झाला मारोती, ही म्हण मी आयुष्यभर ऐकली होती, घडताना पहिल्यांदा पाहत होते. शेवटी मारोती ठरला. आठ दिवसांत तो नवसाला पावला सुद्धा. कुणाची हरवलेली गाय सापडली. माणसं संत्र्याच्या ओळींतून ये-जा करू लागली. मी अमरावतीला परत न जाता थांबले होते, आणि येणाऱ्यांनी दिलेलं खोबरं मीही खात होते. भाविकांशी माझं भांडण नव्हतं, आजही नाही. आपल्या दारी आलेला माणूस हात जोडतोय, तर जोडू दे, असं मी स्वतःला समजावत होते.

मग समिती झाली. समितीचे चार जण आणि सरपंच घरी आले, चहा घेतला, भावाशी अगदी गोड बोलले. टेकाडाची जागा देवाच्या नावानं लिहून द्यायची. वरचा भाग सपाट करून ओटा बांधायचा, पुढं मंदिर. आणि मंदिर म्हटल्यावर रस्ता येणारच, थेट टेकाडापर्यंत, डांबरी. भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याला रस्ता मिळत होता, मशीननं नाही तर मारोतीनं. टेकाड मात्र दोन्हीकडून सपाटच होणार होतं. तो "पाहू" म्हणाला. 'पाहू' म्हणजे त्याच्या भाषेत 'हो' असतं, हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी तो फवारणीला गेला आणि अर्ध्या कामातून परत आला. पाठीवरचा पंप उतरवला, जेवायला बसला, आणि भाकरी मोडून तशीच ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाही. टेकाडाच्या बाजूनं पंप घेऊन जाऊन राहिलो होतो. समितीचा मानूस म्हने, भाऊ, चपला धुऱ्यावर काढत जा, देवाची जागा हाय." त्यानं ताट बाजूला सारलं. "मंग म्हने, राग नोको मानू, पन तुमच्या घरच्याइनं शेंदराले हात लावू नोका. आता पुजारी ठेवून राहिलो आमी. विटाळ नोको."

मायनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. माझ्या भावाला मी कितीदा रडवलंय, लहानपणी मारून, मोठेपणी बोलून. पण त्या दिवशी त्याचा चेहरा पाहवत नव्हता. ती झाडं त्यानं लावली होती. त्या मातीतला प्रत्येक गोटा आमच्या घरानं वेचला होता. आणि ज्या शेंदराला आमचा हात चालत नव्हता तो आमच्याच हातानं लावला होता! मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. अंगाची आग झाली नुसती.

रविवारी सकाळी ओट्याचं काम सुरू होणार होतं. विटांचा ट्रॅक्टर आला होता, पंधरा-वीस माणसं जमली होती. मी पाण्याच्या इंजिनाच्या डब्यातलं डिझेल एका बाटलीत घेतलं, पोत्याचा तुकडा घेतला आणि टेकाडावर चढले. चपला घालून. कुणी काही विचारायच्या आत धोंड्यावर डिझेल ओतलं आणि पुसायला लागले.

शेंदूर सहजी जात नाही. खरबरीत दगडाच्या भोकाभोकांत तो बसतो. मी घासत होते आणि मागं गलका वाढत होता. "अहो बाई, काय करून राहिल्या?" "पाप लागन!" "धरा तिले!" धरायला मात्र कुणी पुढं आलं नाही. डिझेलनं हात चुरचुरत होते. अर्धा धोंडा काळा झाला तेव्हा मी वळले आणि सांगितलं, "हा देव नाही. ही कबर आहे. खाली माणसं आहेत, तुमच्याआमच्यासारखी. ज्याला हात जोडायचे त्यानं त्यांना जोडावेत. पण इथं ओटा बांधायचा नाही, आणि माझ्या भावाला चपला काढायला सांगायच्या नाहीत."

"तुमी लोक असेच," समितीचा माणूस म्हणाला. "देवाले मानत नाही, दुसऱ्याले मानू देत नाही. आमच्या भावना दुखावल्या. पोलिसात जातो आमी."

"जाय ना," धुऱ्याकडून मायचा आवाज आला. काठी टेकत ती ओळीतून येत होती, मागं भाऊ. "पोलिसाले सांगजो, शेंदूर ह्या बुढीनं लावला. मशीन पलटवाले लावला. म्याच लावला, माह्या पोरीनं पुसला. तुमचं काय गेलं त्यात?"

ज्याची गाय सापडली होती तो माणूस मायच्या हाताकडे पाहत राहिला. विटांच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. दोन-तीन जणांना हसू फुटलं, त्यांनी ते गमछ्यात दाबलं.

सरपंच मात्र हुशार माणूस. तो पुढं झाला आणि थंडपणे भावाला म्हणाला, "बरं झालं, सोक्षमोक्ष झाला. देव नाही तं मुरूम हाय. उद्या मशीन आनतो. सही तुही हायेच."

मी भावाकडे पाहिलं. खरं सांगते, मी घाबरले होते. माझ्या हातात आता काही उरलं नव्हतं. होतं नव्हतं ते मीच पुसून टाकलं होतं. तो 'पाहू' म्हणाला असता तर मशीनसमोर आडवी पडण्याशिवाय मला दुसरा मार्ग नव्हता, आणि साठीची बाई उचलून बाजूला ठेवायला चार माणसं पुष्कळ होतात.

भाऊ टेकाडावर चढला. चपला घालून, चिखलाच्या. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "सही म्या केली होती, मीच परत घेतो," तो म्हणाला. "अर्ज आजच देतो. मुरूम बी नाही अन् मंदिर बी नाही. मले रस्ता नोको."

"पस्तावशील. माल डोक्यावर वाहा लागन."

"वाहीन. डोकं माहंच हाय."

सरपंचानं मान हलवली आणि तो निघाला. रस्ता आमच्या धुऱ्याच्या तीन वावरं अलीकडे थांबवला जाणार, हे त्याच्या चालण्यावरून तेव्हाच कळलं. माणसं हळूहळू पांगू लागली. मायला वर यायचं होतं. मी एक हात धरला, भावानं दुसरा, आणि तिला आम्ही धोंड्यांच्या कड्यातून आत घेतलं. तिच्या पायात रबरी चपला होत्या, टाचेशी तारेनं शिवलेल्या. ती मधोमध जाऊन टेकली, पाय पसरले, कमरेची पिशवी सोडून सुपारी काढली.

गावातला एक म्हातारा मागं रेंगाळला होता. मायच्याच वयाचा, वरच्या आळीतला. तो वाईट माणूस नव्हे. हलक्या आवाजात, समजुतीनं तो म्हणाला, "बुढे, देव नाही म्हनते तं नाही. पन मेलेली मानसं हायेत ना खाली? त्याइचा तं मान ठेव. चप्पल तं काढ."

मायनं सुपारी तोंडात टाकली. घाई केली नाही.

"बावा," ती म्हणाली, "साठ वर्सं ह्याइच्या उशाले बसून भाकर खाल्ली म्या. एक डाव ह्याइनं मले म्हनलं नाही का चप्पल काढ. आतापावतर जेनं जेनं म्हनलं, तो जिता मानूस होता."